मंडळीचं सुवार्ताकार्य नव्याने उभं करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अहिल्यानगर, जालना, सोलापूर, कोल्हापूर, पुणे, मुंबई अशा ठिकाणच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, पाळक (पास्टर), सेक्रेटरी, महिला मंडळातल्या ताई आणि तरुण संघातली मुलं आम्हाला हे प्रश्न सतत पाठवत असतात. एकाच मुद्द्याची उत्तरं पुन्हा पुन्हा येऊ नयेत म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

१. आमच्याकडे दरवर्षी तीन दिवसांच्या संजीवन सभा (विश्वास ताजा करणाऱ्या प्रवचनांच्या सभा) होतात. सुवार्ताकार्य म्हणून तेवढं पुरेसं नाही का?

नाही. सभा चांगल्याच असतात, पण मांडवात बसलेले जवळजवळ सगळे आपलेच असतात. वक्ते बाहेरगावचे, ते चौथ्या दिवशी निघून जातात. एखादा नवा माणूस ऐकायला आलाच, तर पुढच्या आठवड्यात त्याला कोण भेटणार हे कुणीच ठरवलेलं नसतं. येशूविषयी आपल्याला जे कळलं ते ज्याला ऐकायचं आहे त्याला खरेपणाने सांगणं आणि पुढचा निर्णय त्याच्यावर सोडणं, हे सुवार्ताकार्य. ते रोज बाजारात, दवाखान्यात, नोकरीवर जाणाऱ्या साध्या सभासदांचं काम आहे, हे आमचं ठाम मत आहे आणि या पानावरची बाकीची उत्तरं त्यातूनच आली आहेत. सभा ठेवायच्या असतील तर वर्षभराच्या ओळखीपाळखीनंतर ठेवा, म्हणजे बोलवायला खरोखरची माणसं असतील.

२. सुरुवात कुठून करावी? पास्टरेट कमिटीत (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या कमिटीत) ठराव करून समिती नेमू का?

ठराव नंतर करा. आधी दोन ठिकाणी जाऊन विचारा.

पहिलं ठिकाण आपलीच मंडळी. मोठेपणी विश्वासात आलेल्या प्रत्येकाला विचारा, "तुम्ही कुणामुळे आलात?" उत्तरात सहसा एखादी शेजारीण, वॉर्डातली सिस्टर, सोबत काम करणारा माणूस किंवा सून असते. ती उत्तरं लिहून काढली की कमिटीला आपोआप कळतं की मंडळीचं सुवार्ताकार्य आजवर कुणी केलं.

दुसरं ठिकाण चर्चच्या फाटकाबाहेर. समोरचा किराणावाला, रिक्षा स्टँडवरचे भाऊ, जवळच्या शाळेतल्या बाई यांना विचारा, "आमच्या चर्चबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?" "गेट नेहमी बंद असतं", "फक्त त्यांच्याच लोकांना आत घेतात", "नाताळला लायटिंग छान असतं" अशी उत्तरं येतील. ती न सावरता, न सुधारता, जशीच्या तशी कमिटीसमोर वाचा. त्यावर प्रार्थना करा आणि मग चार-पाच जणांचा गट नेमा. त्यात एक तरी माणूस असा हवा जो मंडळीत नवा आहे, कारण दार बाहेरून कसं दिसतं हे त्यालाच अजून आठवत असतं.

३. आमचे लोक साक्ष द्यायला (देवाचा आपला अनुभव सांगायला) उभेच राहत नाहीत. "आम्ही तर जन्मापासून ख्रिस्ती, सांगायला काय आहे?" म्हणतात. काय करावं?

दारू सुटली, मोठा आजार गेला, अशाच साक्षी वर्षानुवर्षं ऐकल्यामुळे लोकांना वाटतं की आपल्याजवळ सांगण्यासारखं काही नाही. चौथ्या पिढीच्या ख्रिस्ती माणसाचाही विश्वास खरा असतो, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं.

उपासनेनंतर चहाच्या वेळी दोघादोघांना बसवा. प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं. नियम तीन: प्रवचनाची भाषा नको, दुसऱ्या कुठल्याही धर्माबद्दल एक वाकडा शब्द नको, आणि गोष्ट या वर्षातली हवी. "हे दवाखान्यात होते तेव्हा मी रात्रभर स्तोत्र १२१ म्हणत बसले. भीती काही गेली नाही, पण मी एकटी आहे असं वाटलं नाही." एवढी साक्ष पुरे आहे. ती खरी आहे आणि शेजारणीला सांगता येण्यासारखी आहे. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगितलंय, आणि ते सौम्यतेने. त्या वचनात समोरचा माणूस आधी विचारतो, हे विसरू नये.

४. रविवारी एखादा अनोळखी माणूस उपासनेला आला तर नेमकं काय करायचं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. चपला बाहेर काढायच्या की नाही, इथपासून अडचण सुरू होते. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसलेत. पुढून आवाज येतो, "उपासना संगीत, गीत क्रमांक अमुक", आणि सगळे पुस्तक उघडतात. त्याच्याकडे पुस्तक नाही. सगळे उभे राहतात, तोही राहतो. बाकीचे बसले तरी तो क्षणभर उभाच असतो. दानाची थैली समोर येते तेव्हा खिसा चाचपताना त्याचा चेहरा उतरतो.

यातलं प्रत्येक सोपं करता येतं. दारात उभं राहायला गोड बोलणारं माणूस नेमा. मंडळीतल्या एकाने पाहुण्याशेजारी बसावं आणि आपलं पुस्तक त्याच्यासमोर धरावं. दानाच्या आधी पाळकांनी सांगावं, "पाहुण्यांनी काही देण्याची गरज नाही." प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) आधी ते कुणासाठी आहे हे दोन वाक्यांत समजावून सांगावं, आणि जागेवर बसून राहिलं तरी चालतं हेही सांगावं. सगळ्यांसमोर उभं करून ओळख करून द्यायला लावू नका, हारतुरेही नकोत.

आणि कृपा करून "आडनाव काय?" हा पहिला प्रश्न नको. महाराष्ट्रात तो कशासाठी विचारला जातो हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. "चहा घेऊन जा" एवढं म्हणा. फोन नंबर त्याने आपणहून दिला तरच घ्या. नंतर एकदाच फोन करा.

५. पत्रिका (येशूविषयीची छोटी पत्रकं) वाटणं आणि चौकात स्पीकर लावून प्रचार करणं बंद करावं का?

स्पीकरबद्दल आमचं उत्तर सरळ आहे: बंद करा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे परवानगीशिवाय स्पीकर लावता येत नाही आणि रात्री १० ते सकाळी ६ मनाई आहे. पण परवानगी मिळाली तरी, ज्याने ऐकायचं म्हटलेलं नाही त्याच्या कानावर आदळलेली सुवार्ता त्याला आवाजच वाटते.

पत्रिकेचं तसं नाही. कागद वाईट नसतो, तो न बोलता हातात कोंबणं वाईट. कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. दोघांच्या गप्पा झाल्या, आणि उतरण्यापूर्वी त्याने बायबलमधल्या नव्या कराराची प्रत टिळकांना दिली. टिळकांनी ती वाचली, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलले, आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो प्रवासी पुस्तक फेकून पुढच्या डब्यात गेला नव्हता, हे लक्षात घ्या. बोलणं झालं, समोरच्याला वाचायची इच्छा दिसली, तर जरूर द्या.

६. भजन-कीर्तनातून सुवार्ता सांगितली तर चालेल का? वडीलधारे म्हणतात ते हिंदू पद्धतीचं आहे आणि तरुण म्हणतात ते जुनाट आहे.

दोघांनाही आपल्याच मंडळीचा इतिहास सांगायला हवा. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात मराठी ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात) १८६० च्या दशकातच ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. टिळकांनी तर अभंग आणि भजनं अशी लिहिली की आजही रविवारी म्हणताना पुस्तकाकडे बघावं लागत नाही. म्हणजे ही काही आत्ता सुचलेली युक्ती नाही. मराठी माणूस देवाविषयी ज्या चालीत बोलतो त्याच चालीत आपले पूर्वज बोलले.

कीर्तन करायचं तर नीट करा. पूर्वरंगात एक वचन घेऊन त्याचं निरूपण, मध्ये भजन, मग उत्तररंगात आख्यान. बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट किंवा शोमरोनी स्त्री हे विषय आख्यानाला फार रंगतात. पेटी, तबला आणि झांज एवढं पुरतं. कीर्तनकाराला तालमीला वेळ द्या, कारण अर्धवट तयारीचं कीर्तन अर्ध्या तासात कंटाळवाणं होतं. आणि विरोध करणाऱ्या वडीलधाऱ्यांची मनं दुखवू नका. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरांनी जुनं सोडताना फार सोसलेलं असतं, त्या चालीबरोबर त्यांना ते दिवसही आठवतात. आधी त्यांचं ऐका.

एक सावधगिरी घ्या. जाहिरातीत "ख्रिस्ती कीर्तन" असंच छापा. वारकरी कीर्तन समजून लोक आले आणि आत गेल्यावर त्यांना वेगळं कळलं, तर त्यांना फसवलं गेल्यासारखं वाटणारच.

७. व्हॉट्सॲप, यूट्यूब, रील यांचा उपयोग करावा का?

उपासना यूट्यूबवर ठेवा. घरी असलेले आजारी आणि परदेशी गेलेली मुलं ती बघतात. कुणी गुपचूप बघून ठरवणारा असेल तर त्यालाही उपयोग होतो. पण सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपवर रोज सकाळी वचन टाकू नका, तो ग्रुप त्यासाठी नाही. आणि कुणाच्याही बाप्तिस्म्याचा किंवा प्रार्थनेला आलेल्या पाहुण्याचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय कुठेच टाकू नका. एका फोटोमुळे एखाद्या घरात काय पेटेल हे आपल्याला माहीत नसतं.

८. आम्हाला पगारी सुवार्तिक परवडत नाही. काम कोण करणार?

ज्यांनी आधी केलं त्याच: बायका. एकोणिसाव्या शतकात मराठी मिशनांमध्ये बायबल वूमन होत्या. पुरुष सुवार्तिकाला ज्या घराचा उंबरा ओलांडता येत नव्हता, त्या घरात त्या जात, बसत, वाचायला शिकवत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांना आसरा दिला, त्यांना शिकवलं, आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली. १९२२ साली त्या गेल्या तेव्हा ते काम नुकतंच पुरं झालं होतं.

आज तुमच्या महिला मंडळाला हे काम द्या, पण खरोखर द्या. म्हणजे कमिटीत जागा, प्रवासखर्च आणि निर्णयाचा अधिकार. नुसता संमेलनाचा स्वयंपाक नको.

९. आम्ही आरोग्य शिबिर, शिकवणी, शिवणवर्ग चालवतो. तिथे सुवार्ता सांगितली तर ते आमिष ठरतं का?

मदत आणि विश्वास यांची अदलाबदल झाली की ते आमिष. फीमध्ये सवलत हवी तर प्रार्थनेला बसा, औषध हवं तर आधी प्रवचन ऐका, असं उघड म्हटलं नाही तरी घेणाऱ्याला तसं वाटलं, तरी घात झालाच.

जागतिक मंडळ्यांची परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून २०११ साली बहुधर्मीय जगात ख्रिस्ती साक्ष कशी द्यावी याची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. सेवेच्या कामात आर्थिक प्रलोभनासह कुठलंही आमिष नको, लोकांच्या गरिबीचा फायदा घेतला जाऊ नये, असं त्यात स्पष्ट आहे. इतक्या वेगवेगळ्या परंपरा या मुद्द्यावर एकत्र आल्या, तेव्हा आपल्या मंडळीने याबाबतीत पळवाट शोधू नये.

प्रत्यक्षात असं करा: सेवा सर्वांना सारखी, आणि सेवेच्या जागी प्रवचन नाही. शिबिराच्या फलकावर मंडळीचं नाव मोठ्या अक्षरात असू द्या, लपवाछपवी नको. कुणी विचारलं, "तुम्ही हे का करता?" तर मोकळेपणाने सांगा. अधिक ऐकायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ठिकाणी भेटा. परदेशातून देणगी घेण्याआधी एफसीआरए (परदेशी देणग्यांविषयीचा कायदा) नोंदणी आहे का हे पाहा, नसेल तर एक रुपयाही घेऊ नका.

१०. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करावी का? "प्रार्थनेने बरं होतं" असं सांगावं का?

प्रार्थना जरूर करा, त्याने मागितली असेल तर. बरं होण्याची हमी देऊ नका, आणि गोळ्या बंद करा असं कधीही म्हणू नका. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हा त्याखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, बरं न झालेल्या माणसाला "तुझा विश्वास कमी पडला" असं ऐकवणं हा त्याच्यावर दुसरा घाव आहे. प्रार्थना करा, मग त्याच्यासोबत दवाखान्याच्या रांगेत बसा.

११. धर्मप्रचाराबद्दल कायदा काय म्हणतो?

संविधानाच्या कलम २५ ने प्रत्येकाला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रचार करण्याचं स्वातंत्र्य दिलंय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आपली तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क येतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ धार्मिक भावना हेतुपुरस्सर व दुष्टबुद्धीने दुखावण्याबद्दल आहे. धर्मांतराविषयीचे कायदे राज्याराज्यांत वेगळे असतात आणि बदलतात. तुमच्या जिल्ह्यात आज काय लागू आहे हे व्हॉट्सॲपवरून नव्हे, वकिलाकडून समजून घ्या आणि ते कमिटीच्या वहीत लिहून ठेवा.

१२. कुणी स्वतःहून बाप्तिस्मा मागितला तर किती थांबावं?

घाई अजिबात नको. निदान वर्षभराचं शिक्षण, नियमित उपासना आणि घरच्यांशी बोलणं व्हावं असं आम्ही सुचवतो. वर (प्रश्न ९) उल्लेखलेल्या तत्त्वांमध्येही विचाराला पुरेसा वेळ द्या असंच आहे.

घरच्यांचा भाग सर्वांत अवघड. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे त्या परत आल्या आणि काही वर्षांनी स्वतः विचार करून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी लिहिलेल्या आठवणी वाचल्या तर कळतं की त्यांचा तो निर्णय नवऱ्याच्या मागे जाण्याचा नव्हता. म्हणून एकट्या नवऱ्याला किंवा एकट्या बायकोला घरच्यांपासून लपवून बाप्तिस्मा देऊ नका. माणूस सज्ञान असेल तर निर्णय त्याचाच आहे, पण मंडळीने त्याच्या घराशी वैर धरायचं कारण नाही.

विश्वास आहे पण बाप्तिस्म्याला तयार नाही, अशी माणसंही असतात. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा गट सुरू केला तो ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही अनुयायांसाठी. तुमच्या मंडळीतही अशा माणसाला बसायला जागा आणि बोलायला माणूस असावा. त्याला दर महिन्याला "कधी घेणार?" असं विचारू नका.

१३. अनुसूचित जातीच्या माणसाने बाप्तिस्मा घेतला तर त्याच्या सवलतींचं काय? हे आपण सांगायला हवं का?

हो, आणि बाप्तिस्म्याच्या आधी सांगायला हवं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झालेल्याला तो मिळत नाही. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही. हा भेद अन्यायकारक आहे असं आम्हाला मनापासून वाटतं, पण आज तो आहे. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाला किंवा नोकरीची वाट बघणाऱ्या मुलीला हे न सांगणं म्हणजे त्यांचं नुकसान लपवणं. तसंच, कागदावर एक आणि मंडळीत दुसरं असं करण्याचा सल्लाही कुणाला देऊ नका. त्या दुहेरी आयुष्याचं ओझं पुढे त्या कुटुंबालाच वाहावं लागतं.

१४. वस्तीतली इतर धर्मांची मुलं आमच्या रविवार शाळेला येतात. चालेल का?

आईवडिलांना माहीत असेल आणि त्यांची संमती असेल तरच. ती संमती लेखी घ्या आणि काय शिकवता हे त्यांना दाखवा, एखाद्या रविवारी वर्गात बसायला बोलवा. खाऊ देणार असाल तर तो येणाऱ्या प्रत्येकाला द्या, हजेरीचं बक्षीस म्हणून नको. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाप्तिस्म्याचा विषय पालकांशिवाय काढूच नये.

१५. प्रार्थनासभेत लोक आरडाओरडा करत घुसले किंवा पोलीस आले तर?

हुज्जत घालू नका. लहान मुलं आणि वृद्धांना आधी सुरक्षित जागी हलवा. एकाच माणसाने बोलावं, आणि तो कोण हे आधीच ठरलेलं असावं. ११२ वर फोन करा. पोलिसांना सहकार्य करा, मंडळीची नोंदणी आणि जागेची कागदपत्रं दाखवा, आणि झालेल्या प्रकाराची लेखी तक्रार देऊन पोच घ्या. घरसभा असेल तर शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. जो शेजारी दिवाळीत तुम्हाला फराळाला बोलावतो आणि नाताळात तुम्ही त्याला, तोच अशा वेळी दारात येऊन उभा राहतो.

१६. दुसऱ्या मंडळ्यांतले लोक आमच्याकडे येऊ लागलेत. ही वाढ धरायची का?

सुवार्ताकार्याची वाढ म्हणून धरू नका. आलेल्यांचं स्वागत करा, त्यांच्या आधीच्या पाळकांना फोन करा आणि भांडणातून आले असतील तर आधी समेटाचा प्रयत्न करा.

१७. मग काम नीट चाललंय हे कसं मोजायचं?

बाप्तिस्म्यांचा आकडा वार्षिक अहवालात पहिल्या पानावर असेल, तर प्रश्न ९ आणि १२ मधल्या सगळ्या चुकांना आपोआप दार उघडतं. त्याऐवजी या गोष्टी नोंदवा: यंदा किती सभासदांनी घराबाहेरच्या कुणाशी तरी विश्वासाबद्दल बोलल्याचं सांगितलं? किती पाहुणे दुसऱ्यांदा आले? मागच्या वर्षी आलेल्यांपैकी कोण दिसेनासं झालं, आणि त्याच्याकडे कोण गेलं?

१८. शहरातली आमची मुलं मराठी उपासनेला येत नाहीत. उपासना इंग्रजीत करावी का?

मुलांची इंग्रजी उपासना वेगळी सुरू करायला हरकत नाही. पण ज्या वस्तीत तुमचं चर्च उभं आहे तिथे मराठी बोललं जात असेल, तर सुवार्तेचं काम मराठीतच होणार. आणि बऱ्याचदा मुलांची खरी तक्रार भाषेची नसतेच. त्यांना मंडळीत काही करायलाच मिळत नाही. त्यांना प्रश्न २ मधल्या गटात घ्या, पाहुण्यांशेजारी बसण्याचं काम द्या.

१९. आमच्या पाळकांनाच हे नको आहे. आम्ही काय करू?

आधी त्यांना विचारा, का नको. अनेक पाळकांच्या गळ्यात तीन-चार गावं असतात, अंत्यविधी, लग्नं, कोर्टातले मालमत्तेचे दावे असतात. "नको" म्हणताना त्यांना बहुतेकदा "आणखी एक काम नको" असं म्हणायचं असतं. मग त्यांना सांगा की हे काम सभासद करतील, तुम्ही फक्त महिन्यातून एकदा आमच्यासोबत बसा आणि आमच्यासाठी प्रार्थना करा.

तरीही विरोध असेल तर पाळकांना डावलून गट काढू नका, त्यातून मंडळ्या फुटतात. साक्षीसाठी किंवा शेजाऱ्याला चहाला बोलावण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, तेवढं चालू ठेवा. फाटकाबाहेर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं (प्रश्न २) पाळकांना द्या, आणि एखाद्या शनिवारी त्या किराणावाल्याकडे त्यांना सोबत घेऊन जा.